राणी रामपालची अर्धीच गोष्ट

राणी रामपाल हिने ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्ती घेतली. आमच्या अमळनेर-चोपडा भागात मुलींना खेळाकडे वळवायचे म्हटले की तिच्या गरिबीची गोष्ट हमखास सांगितली जाते: गाडा हाकून संसार चालवणारे वडील, सरावाला न्यायचे दूध पुरेसे परवडत नसल्यामुळे त्यात मिसळलेले पाणी, घरात घड्याळ नाही म्हणून तारे पाहून लेकीला उठवणारी आई. गोष्ट खरी आहे आणि ती सांगताना माझाही कंठ दाटून येतो. परंतु क्रीडाशिक्षक म्हणून बावीस वर्षे मैदानावर काढल्यानंतर मला वाटते की आपण तिचा अर्धाच भाग सांगतो.

हरियाणातील शहाबाद मारकंडा हे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावासारखे गाव. तिथे हॉकीचे मैदान होते आणि वेळेच्या बाबतीत अतिशय कडक असलेले बलदेव सिंग हे प्रशिक्षक होते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथ्या आलेल्या भारतीय संघात राणी, नवज्योत आणि नवनीत या तिघी याच गावच्या होत्या, आणि याला मी योगायोग मानत नाही.

राणी चौदाव्या वर्षी भारताच्या वरिष्ठ संघात आली. २०१० च्या रोसारिओ विश्वचषकात तिने ७ गोल केले, तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती. मला मात्र सर्वांत जास्त आठवतो तो २ नोव्हेंबर २०१९ चा भुवनेश्वरचा ऑलिम्पिक पात्रता सामना. आदल्या दिवशी अमेरिकेला ५-१ ने हरवूनही दुसऱ्या लढतीत मध्यंतरालाच आपण ०-४ ने मागे पडलो होतो; दोन्ही लढतींचे मिळून एकूण गोल बरोबरीत आले होते, ऑलिम्पिक हातचे निसटत होते आणि अशा वेळी ४८ व्या मिनिटाला कर्णधार राणीने गोल करून संघाला टोकियोला नेले. दडपणाखाली असा फटका बसतो तो केवळ परिस्थितीने दिलेल्या जिद्दीमुळे नव्हे. त्यामागे लहानपणापासूनचा रोजचा सराव असतो.

आमच्या काळ्या मातीच्या मैदानाला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि चेंडू सरळ जात नाही. कापूस वेचणी सुरू झाली की निम्म्या मुली शेतात जातात. आठवीतील एक मुलगी उलट्या स्टिकने चेंडू इतका अलगद अडवते की पाहत राहावे. तीही गेल्या वर्षी दोन महिने आली नाही. तिच्या वडिलांनी मला विचारले, “सर, पोर खेळीसन काय करी?” मी त्यांना राणीची गोष्ट सांगितली नाही. वेचणीच्या दिवसांतही शेतावर जाण्याआधी तासभर तिला पाठवा, मी पहाटे साडेपाचला मैदानावर असेन आणि तिच्या दुधाची सोय करेन, एवढेच सांगितले.