सिलिंडर बघतोय

जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलंत, अभिनंदन. घरात विचारलं नाहीत, हे त्याहून उत्तम. मिक्सर घेताना ज्याला फक्त पिशवी धरायला दुकानात नेतात, पडद्यांचा रंग ज्याला पडदे लागल्यावर कळतो, त्या माणसानं जन्मात एखादा तरी निर्णय एकट्यानं घ्यावा. तो नेमका .32 बोअरचाच असावा का, असल्या शंका भित्र्यांना येतात. तुम्ही भित्रे नाही. तुम्ही फक्त बायकोला सांगायला घाबरता.

सुरुवातीलाच एक मोह टाळा. एस.टी. स्टँडच्या मागं कुणीतरी ‘आहे एक माल’ म्हणून खांद्यावर हात टाकतो, तो गावठी कट्टा. तो खरोखरच कुणाला न विचारता मिळतो. पण मग बायकोला बातमी थेट पेपरातून कळते. टेबलावर कट्टा, शेजारी दोन काडतुसं, मधोमध तोंडाला फडकं बांधलेले तुम्ही आणि मागं ओळीनं उभे पोलीस. तोंड झाकलेलं असलं तरी अंगातला शर्ट तिनंच घेतलेला असतो, ओळख पटायला वेळ लागत नाही. शिवाय शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्राला किमान 2 वर्षांची शिक्षा आहे. तेवढा काळ ती काय म्हणेल ही धास्ती राहत नाही, हे खरं. राहिलीच तर फक्त भेटीच्या दिवशी.

तेव्हा सरळ मार्गानं जा. शस्त्र अधिनियम 1959 चा, नियम 2016 चे. पोलीस आयुक्तालय असेल तिथं आयुक्तांकडे, बाकी ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. या मार्गाची खुबी अशी की त्यात बायको सोडून सगळ्यांना विचारलं जातं. पोलीस ठाण्याला विचारतात, शेजाऱ्यांना विचारतात, डॉक्टरला विचारतात, शस्त्र हाताळायला शिकवणाऱ्यालाही विचारतात. डॉक्टरकडून तुमचं मन आणि शरीर धड असल्याचा आणि तुम्हाला व्यसन नसल्याचा दाखला लागतो. त्याची एक प्रत लॅमिनेट करून ठेवा. पुढं कधीतरी घरात ‘डोकं फिरलंय का तुमचं?’ हा प्रश्न येणारच आहे, तेव्हा उत्तर कागदावर देता येतं.

अर्जात शस्त्र कशासाठी हवं ते लिहावं लागतं. बहुतेक जण ‘आत्मसंरक्षण’ लिहितात. कुणापासून, ते मात्र मोघम ठेवा.

मग पडताळणीला हवालदार घरी येतो, आणि तो नेमका तुम्ही कामावर असताना येतो. ती त्याला चहा करून देते. ‘साहेबांचा स्वभाव कसा आहे? रागीट वगैरे?’ असं तो विचारतो. पोलीस घरी येऊन स्वभाव विचारतो तो पासपोर्टसाठीच, असा तिचा समज होतो. तो समज मोडू नका. फक्त एवढंच की पासपोर्ट म्हटलं की कुठं जायचं हा प्रश्न आला, रात्रीपर्यंत सासूबाईंना कळलं, आणि रविवारी जावेनं तिकडं थंडी असते का म्हणून फोन केला. थोडक्यात, रिव्हॉल्व्हरच्या बजेटात आता सिंगापूरही धरा.

परवाना हातात आला की खरेदी. नवं घ्यायचं तर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं आहे. त्याच कारखान्यानं 2014 साली खास बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढलं होतं. अर्धा किलो वजन, पर्समध्ये मावेल असं, किंमत 1,22,360 रुपये. हा आकडा घरात चुकूनही उच्चारू नका. तेवढ्यात तेव्हा चार तोळे सोनं येत होतं, आणि त्यानंतर सोन्याचं काय झालं आणि रिव्हॉल्व्हरचं काय झालं, हा हिशेब तिला तोंडी येतो.

तुम्ही मात्र जुनंच घेणार, कारण तुम्हाला विलायती हवं. परदेशी शस्त्रांची खासगी आयात 1980 च्या दशकात बंद झाली, त्यामुळं त्याआधी आलेली बर्मिंगहॅमच्या वेबली अँड स्कॉट कंपनीची रिव्हॉल्व्हरं तेवढीच, हातोहात फिरतात. जगात कुठल्याही जुन्या वस्तूची किंमत उतरते. ही एकच वस्तू अशी की आजोबा जितके म्हातारे तितका हुंडा जास्त.

विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: का विकताय? तो म्हणेल, वय झालं, नजर कमी झाली, मुलं परदेशात असतात. मग चहा येईल, कप ठेवून त्या माऊली आत जातील, आणि तो आवाज खाली आणून खरं सांगेल. जुन्या रिव्हॉल्व्हरांचा बाजार दोनच गोष्टींवर चालतो. एकतर परवानाधारक जातो आणि मागं राहिलेली बाई ते धूड पोलीस ठाण्यात नाहीतर डीलरकडं जमा करत फिरते. किंवा तो राहतो आणि तिला कळतं. तुम्ही हातात घेऊन ज्याचं वजन बघताय, ते कुणाच्या तरी बायकोला न विचारता घेतलेलंच रिव्हॉल्व्हर आहे. त्या अर्थानं घराणं चांगलं आहे.

व्यवहार मात्र लगेच होत नाही. विकणाऱ्यानं पोलीस ठाण्याला किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांना तुमच्या नावपत्त्यासकट लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबायचं, असा कायदा आहे. गणपती बसल्यापासून कोजागिरीचं दूध आटेपर्यंत जातात, त्याहून पाचेक दिवस जास्त. एवढा काळ बायकोपासून काही लपवून ठेवलेला पुरुष माझ्या पाहण्यात नाही. पण तुम्हाला या काळात एका शब्दाचा मोठा आधार आहे, तो जपून वापरा.

जुनं रिव्हॉल्व्हर बघताना नळी आतून खाल्लेली नाही ना, अंगावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे ना हे बघतात, आणि मुख्य म्हणजे घोडा ओढल्यावर सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचं फिरतं चक्र, डगडगतं का ते बघतात. नेमका त्याच वेळी तिचा फोन येतो.

‘कुठे आहात?’

‘सिलिंडर बघतोय.’

यात खोटं अवाक्षर नाही. हरिश्चंद्रसुद्धा याहून खरं बोलला नसता.

‘भरलेला आहे ना?’

‘नाही गं, रिकामाच. भरलेला बघतात का कधी!’

इथं फोन ठेवा. तिकडं गॅस कालच संपलाय आणि दुसरी टाकीही रिकामी आहे, हे तुम्हाला आठवेपर्यंत संध्याकाळ होते. त्या रात्री वडापाव खाल्लात तरी बिघडत नाही. चार दिवसांनी पुन्हा ‘सिलिंडर बघायला’ गेलात, आठवड्यानं परत गेलात, तर मात्र तिच्या चेहऱ्याकडं नीट बघत चला.

शस्त्र घरात आलं की ते कुलपात, पोरांच्या हाती लागणार नाही असं ठेवण्याची जबाबदारी तुमची आहे. आता तुमच्या घरात फक्त तुम्हाला माहीत असलेली जागा शोधा. माळा? दिवाळीच्या साफसफाईत तुम्हालाच वर चढवतात, पण खालून टॉर्च तिच्या हातात असतो. कपाटाच्या तिजोरीची दुसरी किल्ली तिच्या जुडग्यात आहे. बँकेचं लॉकर दोघांच्या नावावर आहे, आणि तिथं शस्त्र ठेवूही देत नाहीत. खंडेनवमीला ती शस्त्रं मांडते तेव्हा विळी, सुरी, कात्री आणि तुमचा पाना-पक्कड इतकंच निघतं, आणि तुम्ही हात जोडून उभे असताना डोळे नको तिकडं वळतात. देवीला कळतं. बायकोला आधीच कळलेलं असतं.

घेतलं कशासाठी, तर दाखवायला. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गॉगल, गळ्यात साखळी आणि कमरेला ते, ही आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक गुंठामंत्र्याची मनीषा. पण नियम सांगतो, चारचौघांत ते होल्स्टरमध्ये ठेवा, मिरवू नका. वरातीत आनंदानं एक बार काढलात तर 2 वर्षांपर्यंत आत किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बरं, घरात तरी सुखानं नांदावं? आचारसंहिता लागली की ठाण्यातून फोन येतो, जमा करा. 2024 मध्ये लोकसभेला गेलं, परत आलं, दिवाळीच्या तोंडावर विधानसभेसाठी पुन्हा गेलं. एवढ्यांदा तर तीही माहेरी जात नाही. काडतुसांचं म्हणाल तर त्यांच्या बुडावर ‘केएफ’ असतं, म्हणजे खडकीचा कारखाना. तिचं माहेर पुण्याकडचं असेल तर हा मुद्दा हाताशी ठेवा: तुमच्याकडचंच आणलंय, परकं नाही.

आणि एक दिवस ती विचारतेच. पण तुम्ही वर्षभर ज्याची तयारी केली तो प्रश्न विचारत नाही. ‘घेतलं का?’ नाही, ‘मला का नाही सांगितलं?’ नाही. कणीक मळता मळता विचारते, ‘केवढ्याला पडलं?’

इथं पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या वापरा, जी तिनं साड्यांच्या बाबतीत तुमच्यावर वापरलेली आहे. निम्मी किंमत सांगा. निम्मी जास्त वाटली तर पाव सांगा. ती ‘बरं’ म्हणेल आणि हात धुऊन फोन घेऊन गॅलरीत जाईल. तुम्ही सुटलात म्हणून टीव्ही लावाल.

पंधरा मिनिटांत मेव्हण्याचा फोन येतो.

‘दाजी, त्याच भावात मलाबी एक बघा की. पैसे उद्या पाठवतो. ताई म्हणाली, दाजींना सिलिंडरमधलं लई कळतं, 45 दिवस तेच बघत होते.’