बर्फातलं शिफ्टिंग आणि ट्रक परत करायची वेळ

ओळखीतली दोन कुटुंबं या आठवड्यात घर बदलतायत. दोघांनीही भाड्याचा ट्रक ठरवलाय, चालवणार स्वतःच, आणि अंदाज बर्फाचा आहे. काल दोघांशी बोलले तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

आम्हीही असंच केलं होतं. रोज कार चालवणाऱ्या माणसाच्या हातात पाच मिनिटांत किल्ली येते आणि आपल्याला वाटतं, जरा मोठी गाडी आहे, एवढंच. त्या दिवशी पहाटे बाहेर उणे दोन होतं. दुपारी चार वाजेपर्यंत ट्रक परत द्यायचा, म्हणून अंधारातच सामान भरलं. फ्रिज सगळ्यात शेवटी रिकामा झाला, म्हणून तो शेवटी, अगदी दाराशी ठेवला. पुढे एका साध्या उतारावर लाल सिग्नल दिसला, ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरायला लागलं. मी स्टीअरिंग वळवलं, चाकं वळलीसुद्धा, पण ट्रक सरळच घसरत गेला आणि थांबायच्या रेषेच्या पुढे, निम्मा चौकात जाऊन थांबला. आडव्या रस्त्यानं त्या क्षणी कुणी येत नव्हतं. शेजारी बसलेला नवरा नंतर कितीतरी वेळ काही बोललाच नाही.

चूक फ्रिजपासून सुरू झाली होती. या ट्रकचा डबा मागच्या चाकांच्याही बराच मागे जातो. तिथे जड वस्तू ठेवली की सी-सॉसारखं पुढचं टोक हलकं होतं, आणि वळायचं काम तर पुढच्या चाकांचंच असतं. म्हणून फ्रिज, वॉशिंग मशीन, पुस्तकांचे खोके हे सगळं केबिनला चिकटून, खाली, डाव्या-उजव्या बाजूला वजन सारखं वाटून ठेवायचं आणि पट्ट्यांनी आवळून बांधायचं. त्यासाठी फ्रिज आदल्या रात्रीच रिकामा करावा लागतो. आम्ही केला नव्हता.

पण खरा दोष मी त्या चार वाजण्याला देते. घाई नसती तर आम्ही दहानंतर, बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकून झाल्यावर निघालो असतो. आणखी एक दिवस ट्रक ठेवायला एक फोन आणि एक दिवसाचं भाडं लागतं. शिफ्टिंगच्या एकूण खर्चात ते काहीच नाही, तरी माणसं तिथेच हात आखडतात. मला हे अजिबात पटत नाही.

निघालातच तर अंतर ठेवा. कोरड्या रस्त्याच्या मानानं काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर थांबायला दहापट अंतरसुद्धा लागू शकतं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की मोजायला लागा, तुम्ही तिथे पोचेपर्यंत दहा आकडे व्हायला हवेत. वेग आपोआप कायम राखणारा क्रूझ कंट्रोल बंद. पुलावर चढण्याआधीच वेग कमी करा, पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंडी लागते, त्यामुळे तो आधी गोठतो. पारा शून्याच्या आसपास असेल तेव्हा जास्त जपा, बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तो कडक थंडीतल्या बर्फापेक्षाही जास्त निसरडा. घसरलातच तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हींवरून पाय काढा आणि जायचंय तिकडे बघत हळूच वळवा.

सामान उतरलं की माणसं निर्धास्त होतात, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्या परतीच्या फेरीची वाटते. रिकाम्या ट्रकच्या मागच्या चाकांवर वजन उरत नाही, ती जागच्या जागी गरगरतात. उंच रिकाम्या डब्याला आडवा वारा ढकलतो. वर दिवसभराचा थकवा, अंधार, आणि घड्याळ.

बर्फात अडकून पडलात तर इंजिन चालू ठेवून बसण्याआधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बुजलं तर विषारी वायू केबिनमध्ये येतो आणि त्याला वास नसतो. स्वतःच्या कारचा विमा भाड्याच्या ट्रकला पुष्कळदा लागू होत नाही, तेही सही करण्याआधी वाचा.

तुम्ही दोघं हे वाचत असाल तर तारीख पुढे ढकलायचा फोन आजच करा. त्या जादा दिवशी सामान उतरवायला मी आणि नवरा दोघंही येतो. रॅम्पवर टाकायला वाळू आणि जुनी सतरंजी आणतो.