मूठभर मिठाने पाणवनस्पती ‘शुद्ध’ होत नाही

अंगणातल्या तळ्यात मासे पाळणाऱ्यांमध्ये एक मजकूर सारखा फिरत असतो: ‘ओढ्यातून, तलावातून पाणवनस्पती आणा, बादलीत मूठभर मीठ टाकून पाच मिनिटं बुडवा आणि सरळ तळ्यात सोडा. निसर्गातलीच आहे, तिथेही मासे राहतातच. जितकी हिरवळ जास्त, तितका प्राणवायू जास्त.’ वाचायला सोपं आणि वर फुकटातलं, म्हणून लोक पुढे पाठवतात.

सगळा भरवसा मिठावर आहे, तर आधी मीठच बघू. मूठभर म्हणजे धरा ५० ग्रॅम. १० लिटरच्या बादलीत ते लिटरला ५ ग्रॅम पडतं; समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम असतं. एवढ्याने फार तर एखादी जळू पान सोडेल. एक पान उलटं करून उजेडासमोर धरा. पाण्याचा थेंब सुकायचा राहिलाय असं वाटेल, पण बोट लावलं की लिबलिबीत लागतं आणि आत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. ती गोगलगायीची अंडी. पाच मिनिटांच्या खारट अंघोळीने त्यांचं काही बिघडत नाही. बरं, मीठ वाढवावं, तर हॉर्नवर्टसारखी नाजूक पाणवनस्पतीच आधी गळते.

‘तिथेही मासे राहतातच.’ राहतात ना, आणि म्हणूनच त्यांचे परजीवीही तिथेच राहतात! माशांवर पांढरे ठिपके आणणारा ‘इच’ हा जीव माशावरून सुटला की पानाला, दगडाला चिकटून गाठ बनवतो आणि एका गाठीतून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. तलावात त्यातली बहुतेक मासा न सापडताच मरतात. अंगणातल्या तळ्यात मासे हाताच्या अंतरावर. आर्ग्युलस, म्हणजे माशांची ऊ, आपली अंडी देठांवर ओळीने चिकटवते. चतुराची अळी मुळांच्या गुंत्यात गाळाच्या रंगाची होऊन बसते. माशांची पिल्लं रोज एकदोन कमी का होतात, हे कळेपर्यंत महिना जातो.

‘निसर्गातलीच आहे’ हे तर सर्वांत फसवं. कुठल्या निसर्गातली? जलपर्णी मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. जगभरात पसरली ती माणसाने फुलांसाठी नेल्यामुळे. अनुकूल पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि कित्येक देशांत ती विकायला किंवा बाळगायलाही बंदी आहे. शिवाय ती पाण्यातले जड धातू शोषून घेते. सांडपाण्याच्या नाल्यातून उचललेली जलपर्णी कितीही धुवा, आत मुरलेलं निघत नाही. ओळख पटत नसेल तर आणूच नका. संरक्षित क्षेत्रातून किंवा परवानगीशिवाय तर नाहीच.

प्राणवायूचं गणित दिवसापुरतं बरोबर आहे. रात्री वनस्पतीही माशांसारखाच प्राणवायू वापरते. तळं गच्च भरलं असेल तर पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकताना दिसतात.

मग करायचं काय? औषधापेक्षा वेळ जास्त काम करतो. मासे नसलेल्या टबात, उजेडात, वनस्पती किमान चार आठवडे ठेवायची. माशाशिवाय इचची पोहती पिल्लं दोनेक दिवसांत संपतात. आर्ग्युलसची अंडी फुटली तरी पिल्लांना चिकटायला कोणी नसतं. पाणी गार असेल तर सगळंच मंदावतं, तेव्हा मुदत दुप्पट करा. गोगलगायी या काळात आपोआप दिसू लागतात आणि हाताने वेचता येतात.

टबात टाकण्याआधी वनस्पती पोटॅशियम परमँगनेट या जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायची असेल तर प्रमाण लिटरला १० मिलिग्रॅम, वेळ १० मिनिटं. हे चिमटीने मोजू नका. १ ग्रॅम पूड १ लिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १०० मिलिलिटर १० लिटरच्या बादलीत घाला. पाणी गुलाबी-जांभळं राहायला हवं. तपकिरी झालं की त्यातला जोर संपला. मग स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळून घ्या. हातमोजे घाला, नाहीतर बोटं दोन दिवस तपकिरी राहतात (अनुभव आहे). यानेही गोगलगायीची सगळी अंडी मरतातच असं नाही, म्हणून टब चुकवायचा नाही.

आणि टबातलं पाणी, छाटलेली मुळं, तुटलेली पानं ओढ्यात किंवा गटारात सोडू नका. हायड्रिलासारखी पाणवनस्पती एका तुकड्यातूनही पुन्हा उभी राहते. पाणी मातीत जिरवा, बाकीचं कडक उन्हात पसरून कुरकुरीत वाळू द्या.