कमी केस म्हणजे प्रतिकारशक्ती नाही, हे खरं नव्हे

नागपुरातल्या आईबाबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे: 'बाळाला केस विरळ आणि नखं वाकडी असतील तर त्याला प्रतिकारशक्ती नसते, बीसीजी देऊ नका.' बीसीजी म्हणजे क्षयरोगाविरुद्धची लस, कमकुवत केलेल्या जिवंत जंतूंची. मेसेजमागे एक खरा आजार आहे, पण निष्कर्ष घातक आहे.

फॉक्स-एन-१ या जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये दोष असला तर थायमस ग्रंथी घडतच नाही आणि संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) तयार होत नाहीत. हेच जनुक केसांना आणि नखांनाही लागतं. १९९६ साली दक्षिण इटलीतल्या दोन बहिणींमध्ये हा आजार नोंदवला गेला, १९९९ साली जनुकातला दोष सापडला. अशा बाळाचे केस विरळ नसतात, ते जवळजवळ नसतातच. भुवया-पापण्याही नाहीत. त्यासोबत तोंडातली हटत नाही अशी बुरशी, सततचे जुलाब, पुन्हापुन्हा न्यूमोनिया, न वाढणारं वजन. आजार अतिशय दुर्मिळ आहे.

जावळ गळणं मात्र पहिल्या काही महिन्यांत अगदी नेहमीचं, पायाची नखं चमच्यासारखी असणंही. तेवढ्यावरून बीसीजी टाळली तर बाळ लहान वयातल्या गंभीर क्षयरोगासमोर उघडं पडतं.

त्या दुर्मिळ आजाराची वरची लक्षणं एकत्र दिसली, किंवा घरात एखादं बाळ अशाच संसर्गांनी दगावलं असेल, तर लसीआधी डॉक्टरांना नक्की सांगा. बीसीजीसारखी जिवंत लस थांबवायची का, ते रक्त तपासून तेच ठरवतील. नागपुरातल्या मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो, एम्स या सरकारी रुग्णालयांपैकी कुठल्याही बालरोग ओपीडीत विचारा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आला असेल त्या ग्रुपवर हा खुलासा टाका.