आप्पांच्या रेघा

आप्पांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, तेराव्याला एक पाहुणे सहज बोलून गेले, "म्हातारा जन्मभर बाहेरच फिरला की. संसार आज्जीनंच ओढला." मी तेव्हा गप्प बसलो. पण ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून आज लिहितोय.

आज्जीनं ओढला, हे खरंच आहे. बाबांना टायफॉइड झाला तेव्हा आप्पा कटकला होते. दवाखाना, उसनवारी, रात्रीची जागरणं, सगळं तिनं एकटीनं निभावलं. ते कुणी पुसू नये. पण आप्पा संसारात नव्हतेच, हे मला मान्य नाही.

सोलापुरी चादरीचे नमुने घेऊन ते हिंडायचे. हुबळी, विजयवाडा, कटक, कलकत्ता, एकदा तर गुवाहाटी. वळकटीत दोन धोतरं, चार चादरी आणि फडक्यात कडक भाकरी नि शेंगाची चटणी. ती भाकरी आठ-आठ दिवस टिकते, वाटखर्च वाचतो. दुकानात गेल्यावर ते चादर लगेच उलगडायचे नाहीत. आधी घडी दुकानदाराच्या हातावर ठेवायची, वजन कळू द्यायचं. मग उलगडून उलटी बाजू दाखवायची, कारण जेकार्डवरची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरची, नक्षी दोन्हीकडून उठते, फक्त रंग पालटतात. कन्नड त्यांना शेजारात मिळालं, तेलुगू सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांत बसून. विजयवाड्याचे व्यापारी त्यांना आपल्यातलेच समजायचे.

कुठंही असोत, जानेवारीत घरी, सोलापुरात. १२ तारखेला सकाळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा या चौघांना १९३१ साली त्याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं, हे ते आम्हा पोरांना दरवर्षी नव्यानं सांगायचे, नावं आमच्याकडून वदवून घ्यायचे. त्याच सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघाल्या की अंगात बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा, डोक्याला फेटा, आणि ६८ लिंगांची वाट पायी. जत्रेतल्या लग्नसोहळ्याच्या अक्षता पडताना आज्जी त्यांच्या शेजारी असायलाच हवी, हा त्यांचा हट्ट. गर्दीत तिला वाट करून द्यायला दोन्ही हात पसरून उभे राहायचे. तो एवढा मोठा माणूस तेव्हा मला देवासारखा वाटायचा.

आता मूळ गोष्ट. आज्जीला वाचता येत नव्हतं. आप्पा प्रत्येक गावाहून पोस्टकार्ड टाकायचे. मजकूर बाबा वाचून दाखवायचे, पण खाली तिच्यासाठी वेगळं असायचं: उभ्या रेघा. घरी पोचायची रात्र धरून जितक्या रात्री उरल्या, तितक्या रेघा. कार्ड पोचेपर्यंत चार-पाच दिवस गेलेले असत, ते बाबा मोजून सांगायचे. पुढचं तिचं तिला कळायचं.

ती सगळी कार्डं तिनं तारेला टोचून ठेवली होती. परवा माळ्यावरून काढली. गंजलेल्या तारेवर पन्नासेक तरी असतील. बहुतेक रेघांवर कुंकवाचं बोट लागलंय, रोज एक. मी प्रत्येक कार्ड उलटून पाहिलं. शेवटची रेघ तेवढी सगळीकडं कोरी आहे. त्या रात्री माणूस घरात होता, कार्डाकडं कोण बघतंय?