धर्माच्या पाच तासिका

माझी मुलगी इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरात एका कॅथलिक माध्यमिक शाळेत शिकते. ती इकडच्या आठव्या वर्षात आहे, म्हणजे साधारण आपल्या सातवीत. आम्ही कॅथलिक नाही. घरात अंबाबाईची तसबीर आहे आणि गणपतीला आरतीही होते. घरापासून चालत जाण्याइतकी जवळ असलेली चांगली शाळा हीच होती आणि प्रवेशाच्या यादीत सर्वांत शेवटी का होईना, तिला जागा मिळाली. कोल्हापुरात माझ्या दादाची मुलगी एका कॉन्व्हेंटमध्ये शिकते आणि आमची आई तीस वर्षे महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाली. त्यामुळे रविवारच्या फोनवर शाळा हा विषय निघाला नाही असे सहसा होत नाही.

गेल्या दोन वर्षांत तो अधिक तापला आहे. राज्याच्या शालेय आराखड्याचा मसुदा मे २०२४ मध्ये आला, तेव्हा त्यातल्या मनाचे श्लोक आणि भगवद्गीता यांच्या पठणाच्या सूचनेवरून आणि मनुस्मृतीतल्या श्लोकाच्या उल्लेखावरून वाद झाला. पुढे १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली, १७ जूनला सुधारित निर्णय निघाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. अभ्यासक्रम सीबीएसईच्या धर्तीवर नेण्याची घोषणाही त्याच वर्षी झाली. या प्रत्येक वेळी आमच्या घरात दोन तट पडले आणि प्रत्येक वेळी चर्चा अस्मितेपाशी सुरू होऊन अस्मितेपाशीच संपली. एक साधा प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणीच विचारला नव्हता, आणि तो विचारायला मला इथल्या एका धार्मिक शाळेच्या वेळापत्रकाने शिकवले. नवी गोष्ट शिकवायची तर आठवड्यातल्या कोणत्या तासिकेत, आणि त्यासाठी कोणाची तासिका कमी करायची?

मुलीच्या शाळेत आठवड्याला पंचवीस तासिका असतात, प्रत्येकी एका तासाची. वेळापत्रक पंधरवड्याचे असल्याने एकूण पन्नास होतात. त्यांपैकी बरोबर पाच धर्मशिक्षणाच्या आहेत. हा आकडा मुख्याध्यापकांच्या मर्जीवर ठरलेला नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेचा नियम असा आहे की, वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत शिकवण्याच्या एकूण वेळेपैकी दहा टक्के आणि त्यापुढच्या दोन वर्षांत पाच टक्के वेळ धर्मशिक्षणाला दिलाच पाहिजे. त्याच वेळापत्रकात इतिहासाच्या चार आणि भूगोलाच्या चार तासिका आहेत. नाट्याला एक आणि संगणकाला एक. पालकांच्या पहिल्याच सभेत हा कागद आमच्या हाती देण्यात आला आणि धर्मशिक्षण विभागाच्या प्रमुख शिक्षिकेने स्पष्ट सांगितले की, या पाच तासिकांमुळे कलाविषयांना कमी वेळ मिळतो, याची शाळेला जाणीव आहे आणि शाळेने ही निवड जाणीवपूर्वक केली आहे. दहा टक्क्यांविषयी माझे मत काहीही असो, इतक्या उघडपणे हिशोब मांडणारी शाळा मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

त्या पाच तासिकांत काय शिकवायचे, तेही लिहिलेले आहे. २०२३ मध्ये बिशपांनी नवा मार्गदर्शक आराखडा काढला. त्यात वर्षाचे सहा भाग आहेत आणि ते चर्चच्या पंचांगाप्रमाणे चालतात. शरद ऋतूत सृष्टीची निर्मिती आणि देवाने माणसाशी केलेला करार, नाताळपूर्वी संदेष्टे, त्यानंतर येशूचे गालिली ते जेरुसलेम हे जीवनकार्य, उपवासकाळात क्रूस आणि पुनरुत्थान, ईस्टरनंतर चर्चचा जगभर झालेला प्रसार आणि सर्वांत शेवटी इतर श्रद्धांशी संवाद. दर वर्षी हेच सहा भाग पुन्हा येतात, पण प्रश्न वयाबरोबर अवघड होत जातात. ज्यांच्या घरी श्रावणाच्या कहाण्या श्रावणात आणि देवीचे माहात्म्य नवरात्रात ऐकले जाते, त्यांना या रचनेतले शहाणपण समजावून सांगावे लागणार नाही. मुलांभोवतीचे जग ज्या काळात जी गोष्ट साजरी करत असते, तीच त्या काळात वर्गात अभ्यासाला येते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग वेगळाच आहे. हा आराखडा धर्मशिक्षणाला इतर विषयांसारखाच अभ्यासविषय मानतो. मुलीच्या वह्या तपासल्या जातात, चाचण्या होतात, उताऱ्याचा अर्थ लावताना पुरावा मागितला जातो आणि वयाच्या सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई या शालान्त परीक्षेत त्याचा स्वतंत्र पेपर असतो, ज्यात नियमाप्रमाणे दोन धर्मांचा अभ्यास करावा लागतो. कॅथलिक शाळांत हा दुसरा धर्म बहुधा ज्यू धर्म असतो. मुलाला विश्वासात वाढवणे, त्याची दीक्षा, त्याची वैयक्तिक प्रार्थना ही कामे घराची आणि पॅरिशची, म्हणजे स्थानिक चर्चची, मानली जातात. शाळेत रोज सामूहिक उपासना असते, हे खरे. परंतु धर्मशिक्षण आणि उपासना या दोन्हींतून मुलाला बाहेर ठेवण्याचा अधिकार कायद्याने पालकांना दिला आहे आणि शाळेच्या माहितीपत्रकात तो पहिल्या काही पानांतच छापलेला आहे. आम्ही तो वापरला नाही. तो आहे, एवढ्याने आमची भीती गेली.

भीती होती, आणि ती दोन ठिकाणी विशेष होती. एक विज्ञानात, दुसरी इतिहासात. विज्ञानातली लवकर मिटली, कारण जीवशास्त्राचा अभ्यासक्रम आणि पेपर इतर शाळांसारखाच असतो, उत्क्रांती त्यात पूर्ण आहे आणि कॅथलिक चर्चचा तिला विरोध नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल हा मठातला साधू होता, हे शिक्षक अभिमानाने सांगतात. इकडे हे चालू असताना एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा पाठ ओझे कमी करण्याच्या कारणाने वगळला, ही बातमी मी वाचली आणि मला मनापासून वाईट वाटले. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ आहे. सीबीएसईच्या धर्तीवर जाताना आपण काय सोबत नेणार आणि काय मागे ठेवणार, हा प्रश्न दादाला मी तेव्हापासून विचारते आहे. त्याच्या मते सीबीएसई म्हणजे नीट आणि जेईईची सोय. तो चुकीचे बोलत नाही, पण पंधराव्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुलाने सजीवांचा इतिहास कधी शिकायचा, हेही कोणी तरी बोलले पाहिजे.

इतिहासातली भीती अधिक खोल होती. इंग्लंडच्या सोळाव्या शतकात कॅथलिक राणी मेरीच्या काळात सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले आणि नंतर एलिझाबेथच्या काळात कॅथलिक धर्मगुरूंना हाल करून मारण्यात आले. लँकेशर हा आमचा परगणा जुन्या कॅथलिक निष्ठेचा, त्यामुळे इथल्या घरांतून लपवलेल्या धर्मगुरूंच्या कथा आजही सांगितल्या जातात. अशा ठिकाणची कॅथलिक शाळा मेरीविषयी काय शिकवणार? मागच्या सत्रात मुलीने निबंध लिहिला. विषय होता, मेरीला इतिहासाने दिलेले ‘ब्लडी’ हे विशेषण योग्य आहे का. वर्गाला जाळलेल्या माणसांच्या हकिकती वाचायला दिल्या होत्या आणि एलिझाबेथच्या काळातल्या फाशींच्याही. निष्कर्ष ज्याचा त्याने काढायचा होता. मुलीने विशेषण योग्य ठरवले आणि कॅथलिक शिक्षकाने तिला चांगले गुण दिले. समासात एवढेच लिहिले की, त्या काळातल्या इतर राजांच्या शिक्षांशी तुलना केली असती तर युक्तिवाद अधिक पक्का झाला असता. तो शेरा मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपल्याकडे इतिहासाच्या वहीत असा शेरा लिहायला मास्तराला आधी संरक्षण द्यावं लागेल गं.”

आता दुसरी बाजू, कारण या शाळेचे सगळेच मला पटलेले नाही. शेवटच्या भागात इतर धर्मांशी संवाद आहे, तरी हिंदू धर्माला मिळालेल्या मोजक्या तासिकांत त्रिमूर्ती, कर्म आणि दिवाळी एवढ्यावरच वर्ग थांबला. वारी नाही, संत नाहीत, जातीविरुद्ध झालेला झगडाही नाही. शिक्षिकेने मुलीलाच पुढे बोलावून गणपतीविषयी सांगायला लावले. हेतू चांगला होता, पण बारा वर्षांच्या मुलीवर संपूर्ण धर्माचे प्रतिनिधित्व आले आणि ती घरी येऊन रडली. शाळेच्या नवव्या वर्षाच्या अखेरीला ऐच्छिक विषय निवडायचे असतात. धर्मशिक्षणाचा पेपर सर्वांना सक्तीचा असल्यामुळे निवडीची एक जागा आधीच भरलेली असेल, म्हणजे तिला संगीत आणि भूगोल यांपैकी एक सोडावे लागेल. ही त्या दहा टक्क्यांची खरी किंमत आहे आणि ती आमच्या घराला मोजावी लागणार आहे.

प्रवेशाचा नियम तर मला मुळीच मान्य नाही. या शाळेतल्या शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात, इमारतीच्या मोठ्या खर्चाचा साधारण दहावा भाग तेवढा चर्चकडून येतो, आणि तरीही जागा कमी पडल्या तर बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी घेतले जाते. कोल्हापूरच्या माणसाला हे खटकणारच. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी समाजांची वेगवेगळी वसतिगृहे उभी केली. दसरा चौकातून जाताना त्यांच्या खुणा आजही दिसतात. परंतु १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केल्यावर १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत बसवले. राहण्याजेवण्याची सोय समाजाने करावी, बाक मात्र एकच असावा, ही ती दृष्टी होती. ज्या शहरात मी वाढले, त्याने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडपेक्षा चांगला सोडवला होता, असे मी इथल्या मैत्रिणींना सांगते आणि त्यात मला काही अतिशयोक्ती वाटत नाही.

म्हणून सरकारी शाळेत धर्माच्या तासिका आणा, असे माझे म्हणणे नाही. आपल्या संविधानाच्या २८ व्या कलमाने पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे, आणि ती असावी. त्याच कलमाचा तिसरा भाग मात्र आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हता. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती मुलावर करता येत नाही. त्यासाठी त्याची, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांची, संमती लागते. म्हणजे प्रेस्टनमध्ये जो अधिकार माझ्या हाती छापून दिला गेला, तो दादाकडेही १९५० पासून आहे. भाचीच्या शाळेत कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीच्यांना त्याच वेळी मूल्यशिक्षण असते, एवढे वहिनीला माहीत आहे. त्या मूल्यशिक्षणाचे पुस्तक कोणते, ते कोणी ठरवले, हे तिला माहीत नाही आणि विचारायचे धाडसही होत नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना दिल्या होत्या की, इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि सकाळी संविधानाची प्रास्ताविका म्हणावी. शाळांनाच हे सांगितलेले आहे, तर पालकांनी विचारण्यात अवघडण्यासारखे काही नाही.

आईच्या शाळेत याहून वेगळी अडचण होती. रोज परिपाठ व्हायचा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रास्ताविका, प्रार्थना, सुविचार, बोधकथा. परिपाठात कोणती प्रार्थना म्हणायची आणि कोणती बोधकथा सांगायची, हे त्या दिवशी ज्या शिक्षकाची पाळी असेल तो ठरवी. आई स्वतः सावित्रीबाईंची आणि गाडगेबाबांची गोष्ट सांगे. दुसरे कोणी उपवासाचे माहात्म्य सांगे. इथे शाळेची उपासना आणि धर्मशिक्षण यांची तपासणी चर्चचे निरीक्षक स्वतंत्रपणे करतात आणि तो अहवाल कोणालाही वाचता येतो. आईच्या तीस वर्षांत एकाही अधिकाऱ्याने परिपाठात काय सांगितले गेले, हे विचारले नाही; पट, पोषण आहार आणि निकाल एवढेच तपासले गेले. मूल्ये सगळ्याच विषयांतून आपोआप मिसळतात, असे आपले आराखडे सांगत आले आहेत. जे सगळीकडे मिसळलेले असते त्याची जबाबदारी कोणावरच नसते, असे आई म्हणते, आणि वर्गात उभे राहून काढलेला तिचा हा निष्कर्ष मला कोणत्याही समितीच्या अहवालाइतकाच वजनदार वाटतो.

तिसऱ्या भाषेचे पुढे काय ठरेल ते ठरो. पहिलीच्या मुलाच्या आठवड्यात मराठी वाचायला शिकण्याचे किती तास राहतील, खेळाच्या मैदानावरचे किती जातील, हा आकडा निर्णयाबरोबर त्याच कागदावर छापला गेला, तर आमच्या घरातले दोन तट निदान एकाच गोष्टीवर भांडू लागतील. दादाला मी चार प्रश्न लिहून पाठवले आहेत. मूल्यशिक्षणाला आठवड्यात किती तासिका, पुस्तक कोणाचे, त्या तासिका कोणत्या विषयातून आल्या आणि मुलीला बसवायचे नसेल तर अर्ज कोणाकडे करायचा. येत्या शनिवारी भाचीच्या शाळेत पालक सभा आहे. दादाला दुकान सोडून जाता येणार नाही, म्हणून वहिनी एकटी जाणार होती. काल आईने कळवले की, तिच्यासोबत ती स्वतः जाणार आहे.