चारशेवीस अंशांचं गाव

आमच्या गावची नळयोजना नानांच्या डोक्यात आहे. कुठल्या आळीचा व्हॉल्व्ह कुणाच्या उकिरड्याखाली गाडला गेलाय, कुठली लाईन कुणाच्या भांडणापायी वाकडी टाकली, हे दुसरीकडं कुठंही लिहिलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात नाना आठ दिवस लेकीकडं राहायला गेले, तर खालची आळी कोरडी ठणठणीत आणि वरच्या आळीत रस्त्यावरून पाट. तेव्हा ग्रामपंचायतीत ठरलं, की नानांचं वय बघता आता नकाशा केलेला बरा.

मी पुण्यात नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. सरपंच नात्यानं माझे मामा लागतात. एवढ्या भांडवलावर त्यांचा फोन आला.

"नकाशा हाय आपल्याकडं. फ्लेक्सवाल्यानं नळाच्या लायनीसकट काढलाय, सव्वीस जानेवारीला लावलावता की. तू फक्त त्यो सॅटेलाईटवर ठेव."

या 'फक्त' शब्दानं माझे तीन शनिवार-रविवार खाल्ले.

फ्लेक्सवाल्यानं आधी व्हॉट्सॅपवर जेपीजी पाठवला आणि खाली लिहिलं, 'एचडी आहे'. मी म्हटलं, ओपन फाईल द्या. तर कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची दिली. म्हटलं, हिची डीएक्सएफ करून द्या. डीएक्सएफ ही ऑटोकॅड या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरबरोबर १९८२ साली जन्मलेली फाईल, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी थोरली. जुन्या माणसासारखी कुणाशीही जमवून घेते. एक्सपोर्टच्या यादीत ती सापडेपर्यंत तो फोनवर थांबला आणि शेवटी आपण होऊन म्हणाला, "दादा, फॉन्ट सगळे कर्व्ह करून टाकलेत. आता तुम्हाला काही टेन्शन नाही." एवढ्या प्रेमानं आपला घात झाल्याचं माणसाला लगेच कळत नाही.

फाईल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून टाकली. लेयरच्या नावापुढं एक प्रश्नचिन्ह उमटलं. म्हणजे सॉफ्टवेअर विचारत होतं, या पाहुण्याचं गाव कोणतं? आकडे कुठून आणि कशात मोजलेत, कोऑर्डिनेट सिस्टीम कुठली? माणूस घाईत असला की अशा वेळी यादीतलं पहिलं उत्तर देतो. मी अक्षांश-रेखांश सांगून मोकळा झालो.

गाव दिसेना. लेयरवर झूम केलं तर गाव दिसलं, पण पृथ्वी गायब. मग आकडे तपासले. फ्लेक्सवाल्यानं चित्र ए-थ्री कागदावर काढलं होतं, ४२० मिलिमीटर रुंद आणि २९७ उंच. कागदाच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजलेले ते मिलिमीटर सॉफ्टवेअरनं निमूटपणे अंश म्हणून घेतले होते. पृथ्वीचा सबंध वळसा ३६० अंशांचा, आमचं गाव ४२० अंशांचं. अक्षांश उत्तर ध्रुवाशी ९० वर संपतात, आमची स्मशानभूमी २८१ वर. गावाचा खालचा डावा कोपरा मात्र बरोब्बर शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर टेकला होता, आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात. जगभरातल्या बेपत्ता फाईली तिथंच जाऊन पडतात, म्हणून नकाशेवाले त्या जागेला थट्टेनं 'नल आयलंड', म्हणजे शून्याचं बेट म्हणतात. बेट वगैरे काही नाही, नुसतं पाणी. हवामान मोजणारा एक बोया तिथं नांगरला होता, तेवढीच काय ती वस्ती.

चूक उमगली. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मोजायची पद्धत. आपल्या भागाला तिचा ४३ उत्तर हा पट्टा लागतो, त्यात मोजमाप मीटरमध्ये. तो दिला. आता गाव ४२० मीटर रुंदीचं झालं, म्हणजे माणसात आलं, पण पडलं कुठं? सातारा जिल्ह्यातल्या जागेचा उत्तरेचा आकडा साडेएकोणीस लाख मीटरच्या घरात हवा, विषुववृत्तापासून मोजलेला. आमचा शून्य. त्यामुळं गाव विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला, भर हिंदी महासागरात. धरणाच्या पाण्यातून वाचलेलं गाव मी एका क्लिकमध्ये बुडवलं. बायको मागून बघत होती. म्हणाली, "मालदीवला मलाही जायचं होतं."

मधे एकदा वाटलं, डीएक्सएफ नको, एसव्हीजी या दुसऱ्या जातीच्या चित्रफाईलच्या वाटेनं जाऊन बघू. एसव्हीजीत उभं माप वरून खाली मोजतात आणि नकाशात खालून वर, हे मला पाठ आहे. पाठ असलेली गोष्ट ऐन वेळी आठवतेच असं नाही. गाव उताणं पडलं. उत्तरेची स्मशानभूमी दक्षिणेला गेली आणि ओढा डोंगराकडं चढायला लागला. हे वडिलांना दाखवलं तर ते चष्मा पुसत म्हणाले, "मसणवटा दक्षिणेलाच पायजे. शास्त्राला धरून हाय." मी डीएक्सएफकडं परतलो.

आता एकच मार्ग उरला. चित्रातल्या ओळखीच्या जागा धरायच्या, त्या उपग्रहाच्या फोटोवर दाखवायच्या आणि सॉफ्टवेअरला म्हणायचं, बस जुळवत. देऊळ, शाळा, पाण्याची टाकी आणि एसटीचा थांबा असे चार बिंदू दिले. साधं गणित लावलं. शाळा, टाकी आणि थांबा पन्नास-साठ मीटरच्या आत बसले. मारुती मात्र १४० मीटर हुकला.

फ्लेक्सवाल्याला फोन केला.

"दादा, देऊळ कोपऱ्यात बरं दिसत नव्हतं. सेंटरला घेतलं."

"आणि सरपंचांचा वाडा?"

"तो थोडा मोठा केला. पैसे त्यांनीच दिलेवते."

त्याचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. त्यानं फ्लेक्स केला होता. फ्लेक्सवर नेत्याचा फोटो मोठा आणि कार्यकर्त्याचा लहान असतो, तसाच देव मध्ये आणि वाडा मोठा. त्या चित्रावर टेप धरायला निघालो तो मी. पण तेव्हा हे शहाणपण सुचलं नाही, उलट ईर्षा चढली. सॉफ्टवेअरमध्ये 'थिन प्लेट स्प्लाइन' नावाचं एक प्रकरण असतं. ते चित्राला रबरी चादरीसारखं ताणतं आणि दिलेला प्रत्येक बिंदू मुकाट्यानं जागेवर बसवतं. बिंदू वाढवून अकरा केले. चूक शून्य! दोन मिनिटं मी खुर्चीत मागं रेलून बसलो. मग पुढं वाकून पाहिलं. मारुती जागेवर होता, पण त्याच्यासोबत खेचलेली मधली आळी घडी पडल्यासारखी स्वतःवरच दुमडली होती, आणि टाकीकडून येणारी मुख्य लाईन शाळेच्या मैदानात गाठ मारून परत टाकीकडं निघाली होती.

तशातच म्हटलं, निदान घरं तरी मोजू. गावात घरं साडेतीनशेच्या आसपास. संगणक म्हणाला, २,७१६.

इथं त्या 'कर्व्ह'चा उलगडा झाला. फॉन्ट कर्व्ह केला की अक्षर हे अक्षर राहत नाही, नुसता आकार उरतो. आणि बंद आकार दिसला की माझ्या सॉफ्टवेअरच्या लेखी ते घर. गावातली सगळी नावं गावातच राहायला आली होती. 'मारुती मंदिर' मधल्या 'दि'ची वेलांटी भरली अडीच गुंठे. 'मं'वरचा अनुस्वार पाऊण गुंठा, आणि तोही गावठाणात, रस्त्याला लागून. पुण्यात मी त्या अनुस्वाराएवढ्या जागेचे हप्ते भरतोय, खोटं कशाला सांगू! 'ग्रामपंचायत कार्यालय'ची शिरोरेघ तीन घरांची परसं ओलांडून चौथ्याच्या गोठ्यात शिरली होती. ग्रामपंचायतीचंच अतिक्रमण, दाद मागायची कुणाकडं?

तिसऱ्या शनिवारी लॅपटॉप मिटला आणि गावी गेलो. नानांना म्हटलं, चला, दाखवा. नाना काठी घेऊन पुढं, मी फोन घेऊन मागं. टाकीपाशी त्यांनी काठी आपटली. "हितं." मी फोनवर बिंदू घेतला. वीस पावलांवर पुन्हा काठी. "हितं बी एक हाय, पर फिरवू नगं, आटे गेल्यात." फोनमध्ये तीन-चार मीटरची चूक दिसत होती, नानांची चूक काठीच्या टोकाएवढी. ऊन तापायच्या आत तेवीस व्हॉल्व्ह झाले. दोन तर असे, की नाना सोडून कुणाला आहेत हेच माहीत नव्हतं. खालच्या आळीचा मुख्य व्हॉल्व्ह दाखवताना नाना सरपंचांच्या दारात थांबले, इकडंतिकडं बघितलं आणि नव्या फरशीच्या ओट्यावर हलकेच काठी टेकवली.

"बोललो नाय मी कुणाला," ते म्हणाले.

संध्याकाळी ते तेवीस बिंदू क्यूजीआयएसमध्ये टाकले. अक्षांश-रेखांशासकट आलेले, प्रश्नचिन्ह नाही, मालदीव नाही, जिथल्या तिथं जाऊन बसले. घरं आणि रस्ते फोटोवरून हातानं काढले, त्याला दोन रात्री लागल्या. प्रिंट घेऊन ग्रामपंचायतीत गेलो.

मामांनी नकाशा टेबलावर पसरला, आधी आपलं घर शोधलं, मग बराच वेळ त्यावरच्या लाल ठिपक्याकडं बघत राहिले.

"ह्यो व्हॉल्व्ह माझ्या वट्याखाली कसा?"

मी नानांकडं पाहिलं. नाना खिडकीबाहेर बघत होते.

"तुझी ती कोऑर्डिनेट शिस्टीम चुकली आसंल," मामा म्हणाले. हा शब्द त्यांना मीच शिकवला होता. "आणि घर एवढं बारीक? देऊळ पार कडंला? आसं कर, ह्यो फ्लेक्सवाल्याकडं दे धाडून. त्यो बसवतो नीट."

घरी पोचेपर्यंत फोनवर मेसेज आला होता. 'दादा, सरपंच बोलले. ओपन फाईल पाठवा. फॉन्ट तेवढे कर्व्ह करून.'